छोट्या कार्यालयासाठी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम घेताना या चुका टाळा

काळबादेवीतली कापडाची पेढी असो, अंधेरी एमआयडीसीतला कारखाना असो की दादरचे चार्टर्ड अकाउंटंटचे कार्यालय, सर्व्हर घेताना मालकाची नजर लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून आलेल्या कोटेशनच्या शेवटच्या आकड्यावरच जाते. त्यात विंडोज सर्व्हर या ऑपरेटिंग सिस्टीमची एकच ओळ असली, तर खरा खर्च अजून पुढेच आहे असे खुशाल समजावे.

विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे त्यातल्या गणन करणाऱ्या भागांच्या संख्येवर, मोजला जातो आणि यंत्रात आठच कोअर असले, तरी किमान सोळा कोअरचे पैसे भरावे लागतात. त्यावर सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक संगणकासाठी कॅल, म्हणजे वापराचा वेगळा परवाना, घ्यावा लागतो. इथे निवड विचारपूर्वक करावी. तीन पाळ्यांत तीस कामगार मिळून दहा संगणक वापरत असतील, तर दहा डिव्हाइस कॅल पुरतात. मात्र एकच माणूस कार्यालयातला संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल असे सगळे वापरत असेल, तर यूजर कॅल स्वस्त पडतात.

सर्वाधिक गोंधळ रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून सर्व्हरवर काम करण्याच्या सोयीचा, होतो. विरार किंवा डोंबिवलीला राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना घरून टॅली वापरता यावे म्हणून ही सोय सुरू केली जाते, पण तिचे आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅल साध्या कॅलहून वेगळे असतात, हे कोणी सांगत नाही. सुरुवातीचे 120 दिवस सर्व्हर परवाना मागतच नाही. मग एका सकाळी लायसन्स सर्व्हर उपलब्ध नसल्याचा संदेश येतो, कोणालाच लॉगिन होत नाही आणि लोक राउटर बदलत बसतात. सर्व्हरसमोर बसून लॉगिन मात्र होते, त्यामुळे बिघाड नेटवर्कचाच आहे अशी खात्री पटते. यावर उपाय एकच: आरडीएस कॅल विकत घेऊन लायसन्स सर्व्हरवर कार्यान्वित करावेत आणि यूजर की डिव्हाइस हा प्रकार सेटिंगमध्ये नोंदवावा. रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीतली, नोंद पुसून मुदत पुन्हा सुरू करून देणारे तंत्रज्ञ भेटतात. तो परवान्याचा सरळसरळ भंग आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये.

सर्व्हर दर तासाला आपोआप बंद पडत असेल, तर यूपीएसला दोष देण्याआधी डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात खाली पाहावे. तिथे ‘इव्हॅल्युएशन’ असे दिसले, तर विक्रेत्याने 180 दिवसांची चाचणी आवृत्ती बसवून दिली आहे आणि तिची मुदत संपली आहे. अशी आवृत्ती खऱ्या परवान्यावर नेता येते. मात्र तोच सर्व्हर डोमेन कंट्रोलर, म्हणजे कार्यालयातल्या सगळ्यांची लॉगिन खाती सांभाळणारा, असेल, तर ती जबाबदारी आधी दुसऱ्या यंत्राकडे सोपवावी लागते.

गरज नसताना महागडा सर्व्हर घेणे, ही उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. सहा जणांना फक्त फाइल शेअर करायच्या असतील, तर विंडोज 11 प्रो असलेला एक चांगला संगणक पुरेसा आहे. त्याला एका वेळी वीस संगणक जोडता येतात. पंचवीस माणसांपर्यंतच्या कार्यालयाने विंडोज सर्व्हरच्या एसेन्शियल्स आवृत्तीचा भाव आवर्जून मागावा, कारण तिला साधे कॅल लागत नाहीत. ती सहसा नव्या यंत्रासोबतच मिळते.

जुनी आवृत्ती स्वस्तात मिळते म्हणून घेणे धोक्याचे आहे. आधार संपला की सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या मिळणे थांबते. विंडोज सर्व्हर 2012 आर2 चा विस्तारित आधार 10 ऑक्टोबर 2023 रोजी संपला, 2016 चा 12 जानेवारी 2027 रोजी संपेल, तर लिनक्सच्या सेंटओएस 7 या आवृत्तीचा आधार 30 जून 2024 रोजीच संपला आहे. जून 2017 मध्ये नॉटपेट्या विषाणूमुळे न्हावा-शेवा येथील एका कंटेनर टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्याने पसरण्यासाठी वापरलेल्या त्रुटींवरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध झाला होता.

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या आवृत्त्यांना परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि साम्बा हे फाइल शेअरिंगचे सॉफ्टवेअर बसवल्यावर विंडोजच्या संगणकांना त्यावरच्या फाइल नेहमीसारख्या उघडता येतात, म्हणून निव्वळ फाइल सर्व्हरसाठी मी लिनक्सच सुचवीन. टॅलीसारखे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर सर्व्हरवरच चालवायचे असेल, तर मात्र हा हट्ट धरू नये. लिनक्सचा खर्च माणसाच्या रूपाने येतो, त्यामुळे बिघाड झाल्यास त्याच दिवशी येणारा लिनक्सचा जाणकार एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) आहे का, हे आधी विचारावे आणि रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड पहिल्याच दिवशी लेखी घेऊन कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावा.