सावळ्या बाळाची कावीळ, आईचं रक्त: बघायचं कुठे आणि कसं

अंगाचा रंग बघून आजार ताडायच्या बऱ्याच खुणा गोऱ्या कातडीवरून ठरलेल्या आहेत. बाळ जन्मताच देतात त्या अपगार गुणांतही 'गुलाबी' अंगाला पूर्ण गुण. अमेरिकेत 2021 साली दर लाख जिवंत जन्मांमागे 69.9 कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या 26.6. त्यामागे गरिबी, विमा, दवाखान्यातला दुजाभाव असं बरंच आहे. रंगामुळे आजार नजरेतून सुटणं मात्र सोलापुरातही होतं, कारण इथली बहुतेक बाळं सावळीच.

कावीळ आधी. ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वर चढते, म्हणून आशाताईंच्या तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटी चुकवू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या दाटीच्या घरांत बाळंतिणीची खोली अंधारी असते. तिथे दिव्याखाली बघून काही कळत नाही. बाळाला दाराशी किंवा खिडकीशी, दिवसाच्या उजेडात आणा. अंगाला हळद किंवा बेसन लावलेलं असेल तर आधी पुसा, नाहीतर सगळंच पिवळं दिसेल. मग डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, तळहात आणि तळपाय बघा. कपाळावर, छातीवर बोट क्षणभर दाबून उचला; रक्त सरकलेल्या जागी पिवळी झाक दिसते.

पहिल्या 24 तासांत पिवळेपणा, तळहात-तळपाय पिवळे, पांढुरकी शी, किंवा बाळ सुस्त आणि अंगावर ओढत नाही: यांतलं एकही असेल तर लगेच सिव्हिलला (मोठ्या सरकारी दवाखान्यात) न्या, रात्र असली तरी. 108 ला फोन करा. नुसती शंका असेल तरी त्याच दिवशी रक्तातलं बिलिरुबिन (अंग पिवळं करणारा घटक) तपासून घ्या. अडीच किलोच्या आतलं किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ असेल, किंवा आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर थांबून बघायचं नाहीच. कोवळ्या उन्हात धरणं हा इलाज नव्हे. आपल्याकडच्या उन्हात बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं. दिवसाला 8 ते 12 वेळा पाजा. डांबरगोळ्यांत ठेवलेली जुनी झबली घालू नका. काही बाळांच्या रक्तपेशी त्यामुळे फुटतात आणि कावीळ वाढते.

ऑक्सिजन कमी पडला तर निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतून दिसतो. ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) काळ्या कातडीवर कधीकधी आकडा जास्त दाखवतो, म्हणून श्वासही पूर्ण एक मिनिट मोजा. बाळ शांत असताना 60 किंवा जास्त भरले, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर आकडा चांगला असला तरी निघा.

आईचं रक्तही चेहऱ्यावरून ठरवू नका. पापणी ओढून बघणं हा अंदाजच. गरोदरपणात दर तपासणीला हिमोग्लोबिन करून घ्या (महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी मोफत असते). 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7 च्या खाली म्हणजे थेट मोठा दवाखाना. बाळ गोरं व्हावं म्हणून केशर आणणाऱ्या घरात लोहाची गोळी डब्यातच पडून असते, हे काही बरं नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी; रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. तिच्यासोबत चहा, दूध, कॅल्शियमची गोळी नको. दोन तासांचं अंतर ठेवा. शी काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन एकानेही वाढलं नाही, तर गोळी खरंच पोटात जाते का ते आधी विचारा. जात असेल, तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी करून घ्या.