मेलबर्नची परसबाग: पहिल्या वर्षीच्या या चुका टाळा

पुण्या-नाशकात गॅलरीभर कुंड्या फुलवलेला माणूस मेलबर्नला आला की पहिल्या वर्षी हमखास तीन रोपं घालवतो: कढीपत्ता, तुळस आणि कोथिंबीर. पाणी कमी पडलं, माती वाईट निघाली, अशी कारणं शोधली जातात. बहुतेक वेळा हात बरोबर असतो, पण तो अजून महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे आणि महाराष्ट्राच्या उन्हाप्रमाणे चालत असतो.

बी बॅगेतून आणणं

पहिली चूक विमानतळावरच होते. आईने पुडीत बांधून दिलेली मेथी, तुळशीच्या मंजिऱ्या, कढीपत्त्याची फांदी हे सगळं येताना भरायच्या कार्डावर जाहीर करावंच लागतं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो आणि तात्पुरत्या व्हिसावर असाल तर व्हिसाही रद्द होऊ शकतो. ताजा कढीपत्ता तर आणूच नका.

धणे, जिरे, तांदूळ, हरभरे हे मूळ स्वरूपात प्रवासी सामानातून किंवा टपालाने आणायला मनाई आहे. कारण आपल्या कोठारांतला ओळखीचा खापरा भुंगेरा. ऑस्ट्रेलियाच्या धान्याला त्याची भयंकर धास्ती आहे, त्यामुळे तिथे रदबदली चालत नाही.

बी इथेच घ्या. भारतीय दुकानातली मेथी बहुतेक वेळा उगवते. खाण्याच्या धण्यांचा मात्र भरवसा नाही, कारण आयात मालावर प्रक्रिया झालेली असू शकते. वाफा भरण्याआधी २० धणे ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. दोन आठवड्यांत १० धण्यांना तरी मोड आले नाहीत तर ते आमटीला वापरा आणि पेरायला बियाण्याचं पाकीट आणा. धणा रगडून त्याच्या दोन फाका करायच्या हे तर ठाऊक आहेच.

ऊन उत्तरेकडून येतं

दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चूक होते. ‘उत्तरेला ऊन’ म्हणून लोक उत्तरेच्या कुंपणाला लागून वाफा करतात. सूर्य त्या कुंपणाच्या पलीकडे असतो आणि वाफा कुंपणाच्या सावलीत जातो. जूनच्या अखेरीस मेलबर्नमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर येतो. कुंपण साधारण १.८ मीटर उंच असतं, म्हणजे त्याची सावली ऐन दुपारी सव्वातीन मीटर लांब पडते. पुण्यात डिसेंबरमध्ये तेवढ्याच भिंतीची सावली याच्या निम्मी असते. नव्या वस्तीतलं मागचं अंगण चार-पाच मीटर खोल असेल तर हिवाळ्यात त्याचा बराचसा भाग अंधारातच जातो.

वाफा दक्षिणेच्या कुंपणापाशी करा, तो उत्तरेकडे तोंड करून राहतो. कुंड्या घराच्या उत्तर भिंतीला लावा. विटांची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते, म्हणून कढीपत्त्यासाठी याहून चांगली जागा नाही. घर घ्यायच्या आधी जानेवारीत बाग पाहिली असेल तर त्या उन्हावर विसंबू नका. तीच जागा जुलैमध्ये दुपारी बारा वाजता पुन्हा पाहा.

पंचांग सहा महिन्यांनी सरकवणं पुरत नाही

‘आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा’ एवढं सरळ गणित नाही. मेलबर्नचा हिवाळा पुण्याच्या थंडीहून लांब आणि ओला असतो. जुलैत दिवसाचं तापमान १४ अंशांच्या आसपास, रात्री ६-७ आणि उपनगरांत दहिवरही, म्हणजे गोठलेलं दव, पडतं. उलट जानेवारीत उत्तरेचा कोरडा वारा सुटला की पारा ४० च्या वर जातो आणि दुसऱ्याच दिवशी २० वर येतो.

कोथिंबीर ऑक्टोबरनंतर पेरली की वीतभर होण्याआधीच फुलोऱ्यावर जाते. लांब दिवस आणि ऊन दोन्ही तिला ‘आता बी धर’ असंच सांगतात. पाणी वाढवून ती थांबत नाही. मार्च-एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरत राहा. थंडीत उगवायला तीन आठवडेही लागतात, तेव्हा वाफा उकरून बघू नका. मेथी आणि पालक याच हंगामातले. लसूण एप्रिल-मेमध्ये टोचायचा, काढायचा डिसेंबरच्या आसपास.

मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी यांची घाई सप्टेंबरमधल्या पहिल्या उबदार आठवड्यात होते. हवा उबदार वाटते, पण माती गार असते आणि भेंडीचं बी कुजून जातं. इथले जुने लोक मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, टोमॅटो लावतात. भेंडी आणि दुधीलाही तोच मुहूर्त धरा, रोपं मात्र ऑक्टोबरमध्ये घरात खिडकीपाशी तयार करून ठेवा. मिरचीचं झाड मे महिन्यात पानं गाळतं म्हणून उपटू नका. अर्धं छाटून कुंडी भिंतीपाशी ओढा, ऑक्टोबरात फुटतं.

तुळशीचं गणित वेगळंच आहे. मेलबर्नच्या उघड्यावरच्या थंडीत ती काळी पडून मरते, म्हणून एप्रिलमध्येच मंजिऱ्या काढून कागदात ठेवाव्या लागतात. आता तुळशीचं लग्न येतं कार्तिकात, म्हणजे इथल्या ऐन वसंतात. ऑक्टोबरमध्ये बी पेरलं तर लग्नाला नवरी बोटभर! ऑगस्टमध्ये उत्तरेच्या खिडकीत पेरा, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत ऊस टेकवण्याइतकी तरी होते.

कढीपत्ता: बहुतेक झाडं पाण्याने मरतात

कढीपत्ता जून ते ऑगस्ट झोपतो. पानं पिवळी पडतात, गळतात आणि मालक घाबरून पाणी, खत आणि नवी कुंडी अशी तिन्ही औषधं एकदम देतो. मुळं तेव्हा पाणी ओढत नसतात, मग ती कुजतात. ऑगस्टच्या अखेरीस खोड बुंध्याशी मऊ लागलं की झाड गेलं समजा.

हिवाळ्यात बोट दोन पेरं मातीत घाला. तळाशीही कोरडं लागलं तरच पाणी द्या. दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुष्कळ होतं, पावसात ठेवलं असेल तर तेही नको. कुंडीखालची बशी काढून टाका. दहिवराच्या रात्री कुंडी वळचणीखाली घ्या किंवा वर पातळ पांढरं कापड टाका. सकाळी ते काढा. खत ऑक्टोबर ते मार्च एवढंच. कुंडी बदलायची ती ऑक्टोबरमध्ये आणि एका वेळी एकच माप वर: २० सेंटिमीटरच्या कुंडीतून २५ च्या, मग ३० च्या. छोटं रोप एकदम मोठ्या कुंडीत टाकलं की न वापरलेली माती ओलीच राहते.

आंबट ताकाचा प्रयोग इथे उन्हाळ्यातच करा. थंडीत ते मातीत जिरून संपत नाही, वास राहतो आणि उंदीर येतात.

पिवळी पानं नीट बघा, त्यांतच उत्तर असतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. चिलेटेड आयर्न घ्या आणि पाकिटावरच्या मापाने झारीत घालून द्या. खालची जुनी पानं सरसकट पिवळी, तीही जुलैत, तर काही करू नका. टोकं तपकिरी होऊन करपत असतील तर क्षार साठलेत, कुंडीतून दोनदा भरपूर साधं पाणी वाहू द्या. पानांवर काजळी चढली आणि मुंग्यांची रांग दिसली तर काजळी पुसत बसू नका. पान उलटं करा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना चपटे, तपकिरी, नखाने सुटणारे ठिपके दिसतील. ती खवले कीड. व्हाइट ऑइल किंवा इको ऑइल ही झाडांवर फवारायची तेलं फवारा, पण पारा ३० च्या वर जाणार असेल त्या दिवशी नको, पानं भाजतात. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

ऑक्टोबरमध्ये एक तृतीयांश झाड बिनधास्त छाटा. फुलांचे गुच्छ आले की खुडा, म्हणजे पानं वाढतात.

माती, आणि घराचा पाया

टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या पश्चिमेच्या वस्त्या बेसॉल्टच्या पठारावर आहेत. ओली झाली की चिकट आणि सुकली की भेगा पडणारी ही चिकणमाती आपल्या काळ्या मातीची बहीणच. मात्र बिल्डरने वरची चांगली माती खरवडून नेलेली असते, उरतो नुसता चिखल आणि विटांचे तुकडे. चिकणमाती मोकळी करायला लोक जिप्समची भुकटी टाकतात. ती टाकण्याआधी एक ढेकूळ ग्लासभर पावसाच्या पाण्यात सोडा. काही तासांत भोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर जिप्समचा उपयोग आहे, चौरस मीटरला साधारण १ किलो. ढेकूळ नुसतं फुटलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर पैसे वाचवा आणि तेवढ्याचं कंपोस्ट घ्या.

उंच वाफा करायचा तर हिशेब आधी मांडा. २.४ × १.२ मीटर आणि ४० सेंटिमीटर उंच म्हणजे सुमारे ११५० लिटर माती. २५ लिटरच्या ४६ पिशव्या! ही माती लँडस्केप सप्लायकडून, म्हणजे बागेची माती-खडी विकणाऱ्यांकडून, घन मीटरवर घ्या आणि घरपोच मागवा. ओल्या मातीचा घन मीटर टनाच्या घरात जातो. ब्रेक नसलेल्या लहान ट्रेलरची मर्यादा ट्रेलर धरून ७५० किलो असते.

वाफा भिंतीला चिकटवणं ही महागातली चूक. विटांच्या भिंतीत खालच्या ओळीत जागोजागी उभ्या फटी सोडलेल्या असतात. त्या भिंतीतला ओलावा बाहेर पडण्यासाठी. त्यांच्यावर माती चढवली की ओल आत राहते आणि वाळवीला झाकलेला रस्ता मिळतो. शिवाय फुगणाऱ्या मातीवरच्या घराला एकाच बाजूने रोज पाणी मिळालं की पाया एकीकडून उचलला जातो आणि भिंतींना तिरप्या भेगा जातात. भिंतीलगत कुंड्याच बऱ्या. भाड्याचं घर असेल तर जमीन खणण्याआधी लेखी परवानगी घ्या.

कुंडीसाठी अंगणातली माती वापरू नका, ती विटेसारखी घट्ट होते. पॉटिंग मिक्सच्या, म्हणजे कुंडीसाठीच्या तयार मिश्रणाच्या, पिशवीवर ऑस्ट्रेलियन स्टँडर्डची खूण पाहा: लाल खुणेची प्रीमियम, काळ्या खुणेची साधी. पिशवीवरची आरोग्याची सूचना शोभेची नसते. पॉटिंग मिक्समध्ये लिजनेला जातीचे जिवाणू असू शकतात आणि त्यांच्यामुळे न्यूमोनिया होतो. बंद गराजमध्ये पिशवी फाडून उघड्या हातांनी मिश्रण कालवणं टाळा. उघड्यावर, तोंड लांब ठेवून पिशवी कापा, आधी थोडं पाणी शिंपडा, मास्क आणि हातमोजे घाला. मग हात धुवा.

पाणी

मेलबर्नचे पाणीवापराचे नियम दुष्काळ नसतानाही लागू असतात. हातात धरलेली नळी बाराही महिने, कधीही चालते, पण तिला दाबून सोडायचा ट्रिगर नोझल हवा. स्प्रिंकलर किंवा ठिबक संध्याकाळी ६ ते सकाळी १० मध्येच. दिवाळीच्या आदल्या दिवशी नळीने ड्राइव्हवे धुवून काढायची सवय मात्र सोडा. फरशी-काँक्रीट नळीने धुवायला सहसा मनाई आहे, झाडू आणि बादली घ्या.

पश्चिमेकडच्या बऱ्याच घरांना जांभळा नळ असतो. ते पुनर्प्रक्रिया केलेलं पाणी बागेला चालतं, पिण्याला नाही. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून कुंडीतल्या कढीपत्त्याला ते रोज देऊ नका.

जाळी आणि दुधीची रात्रपाळी

कोवळे शेंडे रात्रीत गायब झाले तर पॉसम या झाडावर राहणाऱ्या निशाचर प्राण्यावर संशय घ्या. विष किंवा पिंजऱ्यात धरून दूर नेऊन सोडणं विसरा, हा संरक्षित प्राणी आहे. जाळी घाला, पण कुठलीही नाही. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, १ सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांवरच्या जाळीची भोकं ताणल्यावर ५ × ५ मिलिमीटरपेक्षा मोठी चालत नाहीत. साधी परीक्षा अशी की भोकातून बोट जाता कामा नये. जुन्या मोठ्या भोकांच्या जाळीत वटवाघळं आणि पक्षी अडकून मरतात.

दुधीची तक्रार दर जानेवारीत तीच असते. वेल मांडवभर पसरलेला, फुलं भरपूर, आणि करंगळीएवढे दुधी पिवळे पडून गळतात. लोक खत वाढवतात, वेल आणखी पसरतो. खरं कारण परागीभवन. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात आणि गार संध्याकाळी पतंगही कमीच येतात. हे काम तुम्हालाच करायचं आहे. जानेवारीत सूर्य पावणेनऊला मावळतो, तेव्हा जेवणं उरकून टॉर्च घेऊन जा. लांब, बारीक देठाचं ते नर फूल. पाकळ्यांच्या खाली केसाळ, इवलासा दुधी असतो ती मादी. नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोला आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एक नर दोन माद्यांना पुरतो. चार दिवसांत देठ जाड होऊन दुधी खाली झुकला तर जमलं. नुसती नर फुलंच येत असतील तर मुख्य वेल दीड-दोन मीटरवर खुडा, मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात.