खेळावर इंग्रजीत बोलायचंय? आधी जिंकणं-हरणं पक्कं करा

खेळांच्या नावांची यादी पाठ करू नका. इंग्रजी संभाषणाच्या पुस्तकांत शंभरभर खेळांची नावं चित्रांसकट छापलेली असतात आणि त्यांतले निम्मे खेळ जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मैदानांवर कुणी पाहिलेलेही नसतात. लॅक्रॉस आणि कर्लिंग पाठ करून पोरगा मुलाखतीला जातो. समोरचे साहेब विचारतात, तू कबड्डी खेळतोस ना, मग शेवटच्या सामन्यात काय झालं ते सांग. पोरगा तिथे गप्प होतो. शब्द त्याच्याकडे भरपूर असतात, पण वाक्य जुळत नाही. खेळाची इंग्रजी क्रियापदांवर चालते, आणि यादीत क्रियापदं नसतात.

चोपड्यात भरतीची आणि खेळाडूंसाठीच्या राखीव जागांची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे मी संध्याकाळी वर्ग घेतो. पुढचा क्रम त्या वर्गांत घासून घासून ठरलेला आहे. तो मोडू नका.

पायरी १ : एकच खेळ, एकच सामना

तुम्ही स्वतः खेळता तो खेळ घ्या आणि नुकताच खेळलेला किंवा डोळ्यांनी पाहिलेला एक सामना घ्या. सगळा सराव त्याच सामन्यावर करायचा.

पायरी २ : वस्तू आणि जागा

हे सोपं आहे, एका संध्याकाळी होतं. चुका ठरलेल्या असतात, तेवढ्या काढून टाका. बॅडमिंटनची 'बॅट' नसते, रॅकेट असते, आणि आपण ज्याला फूल म्हणतो ते शटलकॉक किंवा नुसतं शटल. बॅडमिंटन, टेनिस, व्हॉलीबॉल, खो-खो, कबड्डी कोर्टवर. फुटबॉल, हॉकी फील्डवर किंवा पिचवर. क्रिकेटचं मात्र मैदान ग्राउंड आणि मधली खेळपट्टी पिच. बॉक्सिंग रिंगमध्ये, धावणं ट्रॅकवर, पोहणं पूलमध्ये. क्रिकेट आणि बॅडमिंटनला अंपायर, फुटबॉल आणि कुस्तीला रेफरी. कुस्ती किंवा बॉक्सिंगची लढत म्हणजे बाउट, धावण्याची स्पर्धा म्हणजे रेस.

पायरी ३ : प्ले, गो, डू

आपण कुस्तीही खेळतो आणि कबड्डीही खेळतो, म्हणून 'आय प्ले रेसलिंग' तोंडातून निघतं. ते चूक आहे. चेंडूचे खेळ, दोन संघांचे खेळ आणि बैठे खेळ यांना प्ले : प्ले क्रिकेट, प्ले खो-खो, प्ले कॅरम. जिथे शरीर घेऊन निघायचं असतं आणि शब्दाच्या शेवटी 'इंग' येतो तिथे गो : गो स्विमिंग, गो रनिंग, गो सायकलिंग. सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा घेतलेला माणूस गोज रायडिंग. बाकी राहिलेल्यांना डू : डू योगा, डू ज्युदो, डू जिम्नॅस्टिक्स, डू ॲथलेटिक्स, आणि आपला मल्लखांबही डू. पैलवानाने सरळ 'आय रेसल' म्हणावं. दोन शब्दांत काम होतं आणि चुकायला जागाच राहत नाही.

पायरी ४ : विन, बीट, लूज

इथे थांबा. आधीच्या तिन्ही पायऱ्यांना मिळून जेवढा वेळ दिला असेल त्याच्या दुप्पट इथे द्या. मलाही याच पायरीने सगळ्यात जास्त काळ अडवलं होतं, आणि याच पायरीला पुस्तकं एक ओळ देतात : विन म्हणजे जिंकणे, लूज म्हणजे हरणे. त्या एका ओळीने आपल्याकडच्या पोरांचं फार नुकसान केलंय.

गोम आपल्या 'हरवणे'त आहे. 'आम्ही एरंडोलला हरवलं' आणि 'मी पाकीट हरवलं', दोन्हीकडे शब्द तोच. शाळेत लॉस्ट म्हणजे हरवलं असं घोकलेलं असतं. मग पारोळ्याचा कर्णधार छाती पुढे काढून सांगतो, 'वी लॉस्ट एरंडोल.' ऐकणाऱ्याच्या कानावर 'लॉस्ट' पडतं आणि तो समजतो की पारोळा हरलं. जिंकलेला सामना पोरगा आपल्याच तोंडाने हरून येतो. मुलाखतीत तर 'अरेरे, सॉरी' असं उत्तर येतं आणि पोराला कळतच नाही साहेबांना कशाचं वाईट वाटलं.

दुसरी चूक 'वी वन एरंडोल'. याचा अर्थ एरंडोल तुम्हाला बक्षीस म्हणून मिळालं. विनच्या पुढे माणूस किंवा संघ येत नाही. तिथे सामना येतो, नाणेफेक येते, पदक, चषक, सेट येतो. खाशाबा जाधव वन अ ब्राँझ मेडल ॲट द १९५२ हेलसिंकी ऑलिंपिक्स. वी वन द टॉस. वी वन द मॅच. पुढे काहीच जोडायचं नसेल तर नुसतं 'वी वन'ही पूर्ण वाक्य आहे. अहिराणीत 'आम्ही जिंकनूत' म्हटल्यावर पुढे काही लागत नाही, तसंच.

संघाचं किंवा माणसाचं नाव घ्यायचं असेल तर बीट. 'वी बीट एरंडोल.' इथे मुलं बिचकतात, कारण शाळेत बीट म्हणजे मारणे असं शिकवलेलं असतं आणि आपण एरंडोलच्या पोरांना चोपलं असं तर नाही ना होणार, अशी भीती वाटते. होणार नाही. खेळाच्या बोलण्यात बीट म्हणजे हरवणंच. त्याचा भूतकाळही बीटच, 'बीटेड' असा शब्द नाही. बीटन येतो तो 'वी वेअर बीटन' म्हणताना, म्हणजे आम्ही हरवले गेलो.

आता हरणं. लूजच्या पुढे सामना येतो : वी लॉस्ट द मॅच. आणि कोणाकडून हरलो ते सांगायला मध्ये 'टू' लागतो : वी लॉस्ट टू एरंडोल. आपण 'एरंडोलकडून' म्हणतो म्हणून मुलं 'फ्रॉम' घालतात. फ्रॉम नको, टू. या एका 'टू'वर वाक्य उलटतं, म्हणून माझ्या वर्गात हे वाक्य प्रत्येकाला उभं राहून म्हणावं लागतं. उच्चारही सांभाळा. लूज म्हणताना शेवटचा आवाज मधमाशीसारखा घुमला पाहिजे. 'लूस' म्हटलंत तर त्याचा अर्थ सैल.

'डिफीट'च्या मागे लागू नका. वजनदार वाटतो म्हणून मुलं तो उचलतात आणि 'वी डिफीटेड बाय एरंडोल' म्हणतात. मधला 'वेअर' गळला की वाक्य धड जिंकण्याचंही राहत नाही आणि हरण्याचंही नाही. तो शब्द बातमीदारांना राहू द्या. बोलताना बीट.

'प्ले विथ'चंही तसंच. 'वी प्लेड विथ एरंडोल' म्हटलं तर त्यांना सोबत घेऊन खेळलात असंही वाटू शकतं. समोरासमोर खेळलात तर 'अगेन्स्ट एरंडोल' म्हणा, किंवा मध्ये काहीच न घालता 'वी प्लेड एरंडोल'.

सराव असा करा. एक खरा निकाल घ्या आणि तो तिन्ही क्रियापदांनी सांगा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. आता म्हणा : इंडिया बीट नेपाळ. नेपाळ लॉस्ट टू इंडिया. इंडिया वन द फायनल. मग पुरुषांच्या सामन्यावर तेच. मग पारोळा-एरंडोलवर तेच. न अडखळता तिन्ही बाजूंनी निघेपर्यंत पाचव्या पायरीला हात लावायचा नाही. घाई केलेली मुलं महिनाभराने परत 'वी लॉस्ट एरंडोल'वर येतात, हे मी दर वर्षी पाहतो.

पायरी ५ : किती फरकाने

फरक सांगायला 'बाय'. महिलांच्या सामन्यात बाय थर्टी-एट पॉइंट्स. क्रिकेटमध्ये आधी फलंदाजी करणारा संघ धावांनी जिंकतो आणि पाठलाग करणारा विकेटनी : १९८३ मध्ये इंडिया बीट वेस्ट इंडीज बाय फॉर्टी-थ्री रन्स, २०११ मध्ये इंडिया बीट श्रीलंका बाय सिक्स विकेट्स. शून्याला फुटबॉलमध्ये निल आणि टेनिसमध्ये लव्ह म्हणतात. दोघांचे गुण सारखे असतील तर ऑल, जसं फिफ्टीन ऑल.

ड्रॉ आणि टाय एक नाहीत. फुटबॉलची बरोबरी ड्रॉ. कसोटीत वेळ संपून निकाल न लागणं हाही ड्रॉ, पण शेवटच्या डावातला संघ बाद होऊन दोघांच्या धावा तंतोतंत सारख्या झाल्या तर टाय. कसोटीत हे १९६० मध्ये ब्रिस्बेनला आणि १९८६ मध्ये मद्रासला घडलं, म्हणून 'टेस्ट टाय झाली' असं सहज बोलू नका.

क्रिकेटवाल्यांनी आणखी दोन गोष्टी सुधाराव्यात. 'आउट केलं' याचं 'मेड हिम आउट' होत नाही, 'गॉट हिम आउट' होतं. आणि हातातला झेल सुटला तर 'ड्रॉप्ड द कॅच', 'लेफ्ट' नाही.

पायरी ६ : आपले खेळ

कबड्डी, खो-खो, लंगडी, विटीदांडू, आट्यापाट्या यांची नावं भाषांतरित करायची नाहीत. 'टिपकॅट' म्हणून विटीदांडू कुणाला समजत नाही. नाव तेच ठेवा आणि आतल्या हालचाली इंग्रजीत सांगा.

कबड्डीची इंग्रजी तर टीव्हीवर तयार मिळते. चढाई म्हणजे रेड, पकड म्हणजे टॅकल, निदान रेषा म्हणजे बॉक लाइन, लोण म्हणजे ऑल आउट. तीन किंवा कमी खेळाडू असताना केलेली पकड सुपर टॅकल. खो-खोत पाठलाग करणारा चेसर, पळणारा रनर किंवा डिफेंडर, खुंट म्हणजे पोल, सूर मारणं म्हणजे डाइव्ह. खो द्यायचा तो 'गिव्ह अ खो'.

यात्रेतल्या दंगलीतली कुस्ती सांगायची असेल तर चितपट केलं याला 'ही पिन्ड हिम' म्हणा, डावाला मूव्ह. आखाडा मातीचा होता की मॅट, ते आवर्जून सांगा. बाहेरच्या माणसाला त्याचंच कुतूहल असतं. धोबीपछाड, कलाजंग ही नावं तशीच ठेवून एका वाक्यात पकड कुठे घेतली ते समजावा.

पायरी ७ : बैठे खेळ

बुद्धिबळात प्यादं 'किल' करत नाहीत, टेक किंवा कॅप्चर करतात. उंटाला कॅमल म्हणू नका, तो बिशप. हत्ती रूक, घोडा नाइट, वजीर क्वीन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचे डाव रंगतात तेव्हाचे शब्द असे : पिसणं शफल, वाटणं डील, हुकूम ट्रम्प, हात करणं टेक अ ट्रिक. इस्पिक स्पेड्स, बदाम हार्ट्स, चौकट डायमंड्स, किल्वर क्लब्ज, गुलाम जॅक.

पायरी ८ : तोंडाने सांगा

पहिल्या पायरीतला सामना आता उभं राहून एक मिनिट सांगायचा : कुठे, कोणाविरुद्ध, नाणेफेक कोणी जिंकली, सामना कुठे फिरला, किती फरकाने काय झालं. लिहून पाठ करू नका. पाठ केलेला पोरगा मध्ये प्रश्न आला की कोलमडतो. मित्राला समोर बसवा आणि त्याला तीनच गोष्टींवर कान ठेवायला सांगा : बीटच्या पुढे संघ आला का, विनच्या पुढे सामना आला का, आणि लॉस्टनंतर 'टू' लागला का. बाकीचं व्याकरण त्याने त्या दिवशी काढायचं नाही. तुम्ही सांगत असतानाच त्याने मधूनच एक प्रश्न टाकायचा, 'व्हाय डिड यू लूज?' किंवा 'हाऊ डिड यू बीट देम?', आणि तुम्ही न थांबता उत्तर द्यायचं.