इलेक्ट्रिकल डक्टमधली भोकं आगीविरुद्ध कशी बुजवावीत

इमारतीतल्या इलेक्ट्रिकल डक्टचं, म्हणजे केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचं, दार उघडून टॉर्चने वर पाहा. केबलभोवतीच्या फटीतून वरचा मजला दिसत असेल, तर खाली लागलेल्या आगीचा धूरही तिथूनच चढणार. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार ही पोकळी (शाफ्ट) प्रत्येक मजल्यावर बंद हवी आणि त्या बंदिस्तीची अग्निरोधक क्षमता स्लॅबइतकीच हवी.

१. आधी यादी करा. प्रत्येक भोकाचं माप, स्लॅबची जाडी, आत केबल आहे की पीव्हीसी पाइप, सगळं लिहा. त्यावरून साहित्य निवडा आणि विक्रेत्याकडून चाचणी अहवाल मागा. डब्यावरचा ‘२ तास’ (आग रोखून धरण्याची वेळ) हा आकडा पुरेसा नाही. तुमच्याएवढी फट, तुमच्यासारखी केबल आणि तशाच स्लॅबवर चाचणी झालेली असली पाहिजे.

२. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वीजपुरवठा बंद करून घ्या. धूळ, जुना फोम, चिंध्या काढा. साधा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम स्वतःच पेटतो, त्यामुळे तो आत ठेवून वरून सीलंट (फट बुजवायची अग्निरोधक पेस्ट) मारणं निव्वळ फसवणूक आहे.

३. अरुंद फटीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची न जळणारी लोकर) घट्ट दाबून बसवा आणि अहवालातल्या खोलीइतकी जागा सीलंटसाठी सोडा. बहुतेक कामं इथेच बिघडतात: वूल सैल राहतं, सीलंट आत घसरतं, थर पातळ होतो. अंदाजासाठी हिशेब असा: १५० मिमी भोकात ११० मिमी पाइप असेल, तर चहूबाजूंनी २० मिमी फट उरते. सीलंट १५ मिमी खोल भरायचं तर साधारण १२० मिली लागतं. म्हणजे ३१० मिलीच्या एका नळीत अशी दोन भोकं. अ‍ॅक्रिलिक सीलंट वाळताना आकसतं, थोडं जास्त घ्या.

४. केबल ट्रेच्या (केबल वाहून नेणाऱ्या पन्हळीच्या) मोठ्या भोकाला अग्निरोधक कोटिंग केलेला रॉकवूल बोर्ड लागतो. तो नेमका कापून कडा आणि सांधे सीलंटने भरा. केबलच्या जुडग्यातल्या फटीही भरा, धूर तिथूनच निसटतो. तांबं उष्णता पलीकडे नेतं, म्हणून अहवालात असेल तेवढ्या लांबीपर्यंत केबलवरही कोटिंग लावा. बोर्ड माणसाचं वजन पेलत नाही. पाय पडण्याची शक्यता असेल तिथे लोखंडी जाळी बसवाच.

५. पीव्हीसी पाइप उष्णतेने मऊ होऊन वितळतो आणि भोक मोकळं होतं. त्याला फायर कॉलर लागते, म्हणजे उष्णतेने फुगून भोक बंद करणारं पाइपभोवतीचं कडं: स्लॅबला खालून, भिंतीला दोन्ही बाजूंनी. ती लोखंडी अँकरने ठोका. प्लास्टिकचे प्लग आगीत वितळले की कॉलर खाली पडते.

शेवटी प्रत्येक सीलजवळ क्रमांक, साहित्य, तारीख लिहिलेली पट्टी लावा आणि फोटो ठेवा. पुढे नवी केबल टाकणारा सील फोडणारच. सोसायटीने त्याच्या कामाच्या परवानगीतच ‘भोक पुन्हा बुजवून फोटो द्यावा’ अशी अट घालावी आणि फोटो आल्याशिवाय त्याचं बिल काढू नये.