परवान्यावरील जुन्या पिस्तुलाची पुनर्विक्री किंमत कशी ठरवावी

भारतात वापरलेल्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाची किंमत यंत्राच्या गुणवत्तेपेक्षा आधी कागदांवर ठरते, म्हणून परवाना, त्यावरील शस्त्रक्रमांक आणि खरेदीची मूळ पावती एकमेकांशी जुळतात का, हे प्रथम पाहावे. बोअर, म्हणजे काडतुसाचे माप, कायद्याने निषिद्ध असेल, उदाहरणार्थ 9 मि.मी. पॅराबेलम, तर सामान्य परवानाधारक ते घेऊ शकत नाही आणि किमतीची चर्चाच संपते. स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, ‘7.65’ असा आकडा दिसला की काही वारस घाबरतात, पण ते .32 एसीपी या काडतुसाचेच युरोपीय नाव आहे आणि आपल्याकडील पिस्तुलाचे बहुतेक परवाने याच बोअरचे असतात.

त्यानंतर घडण पाहावी. 1980 च्या दशकात सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयात बंद झाल्यापासून परदेशी पिस्तुलांचा साठा वाढत नाही, आणि त्यामुळे वाल्थर पीपी किंवा ब्राउनिंग 1910 ला सरकारी कारखान्याच्या नव्या ‘अशनी’पेक्षाही अधिक भाव मिळतो. मात्र केवळ नावावर भुलू नये. जर्मन वाल्थरवरील चाचणीच्या शिक्क्यात मुकुटाखाली ‘एन’ असेल तर ते 1940 पूर्वीचे, गरुडाखाली ‘एन’ असेल तर त्यानंतरचे. महायुद्धाच्या अखेरीस घाईत बनलेल्या नगांवर कानशीचे ओरखडे उघड दिसतात. युद्धानंतर हेच पिस्तूल फ्रान्समध्ये मानुऱ्हँ कंपनीने बनवले. ब्राउनिंग 1910 च्या फ्रेमवर, स्लाइडवर आणि काडतूस बाहेर पडण्याच्या खाचेतून दिसणाऱ्या नळीवर एकच क्रमांक असावा. नळी वेगळ्या क्रमांकाची निघाली तर ती बदललेली आहे असे समजून भाव उतरवावा.

नळीची तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच, मॅगझीन काढून आणि चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करून घ्यावी. पीपीची नळी फ्रेमला पक्की बसवलेली असल्याने स्लाइड उतरवली की मागच्या बाजूने प्रकाशाकडे धरून आटे, म्हणजे नळीतील पिळदार खाचा, पाहता येतात. कडा धारदार असाव्यात. जुन्या काळच्या गंजकारक प्रायमरच्या काडतुसांनंतर सफाई झाली नसेल तर आट्यांच्या तळाशी बारीक काळे खड्डे दिसतात. ते घासून जात नाहीत, आणि अशा नळीसाठी मी स्वतः अंदाजातून निदान एक चतुर्थांश वजा करतो. पीपीची सेफ्टी खाली ओढताच घोडा सुरक्षितपणे उतरतो का, हेही पाहावे. नव्याने चढवलेल्या चकाकत्या मुलाम्यावर लोक उगाच खूश होतात, पण त्याखाली बुजलेली अक्षरे जाणकाराला लगेच दिसतात आणि संग्राहक अशा नगापासून दूर राहतो. मूळ मॅगझीन नसणे हीसुद्धा मोठी खोट आहे.

आकडा काढताना दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांकडे प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचा भाव विचारावा, मागितलेला नव्हे. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, त्यामुळे अनेकांना जादा शस्त्र काढावे लागले, हे जुने भाव सांगणाऱ्याला आठवण करून द्यावे. ग्राहकाच्या परवान्यावर पिस्तुलासाठी जागा शिल्लक हवी. खासगी विक्रीत शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. शस्त्र विक्रेत्याकडे जमा असेल तर तेथील ठेवणावळ आणि दलाली वजा करूनच हातात येणारी रक्कम मोजावी.