सिनर्जी स्कोअर बघून हुरळू नका

प्रयोगशाळेत ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशींवर औषधांच्या जोड्या तपासायला येणाऱ्याला, ट्रान्सप्लांटआधी रुग्ण एमआरडी निगेटिव्ह होणं, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या कर्करोगपेशी चाचणीत न सापडणं, का महत्त्वाचं हे सांगायला नको. मला सर्वांत जास्त छळलं ते सिनर्जी स्कोअरने, म्हणजे दोन औषधं मिळून अपेक्षेपेक्षा किती जास्त काम करतात त्या आकड्याने, म्हणून तेच नीट सांगते.

समजा एक औषध ४० टक्के पेशी मारतं, दुसरं ५० टक्के. दोन्ही स्वतंत्रपणे काम करत असतील, तर पहिल्यातून वाचलेल्या ६० टक्क्यांपैकी निम्म्या मरतात. ३० टक्के उरतात. म्हणजे ७० टक्के मृत्यू अपेक्षितच आहे. ब्लिसच्या, म्हणजे औषधं स्वतंत्र आहेत असं धरणाऱ्या या हिशेबात सिनर्जी त्याच्या पुढे सुरू होते. तुम्हाला ९५ टक्के मिळाले, तर स्कोअर झकास येणार. पण शंभरातल्या पाच पेशी अजून जिवंत आहेत! फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजण्याची पद्धत) दहा हजारांत एक पेशी शोधते. तिथवर पोचायला या पाचांतूनही पाचशेपट घट हवी. एटीपी (जिवंत पेशींतलं ऊर्जेचं रसायन) मोजणाऱ्या चाचणीत एवढा तळ दिसतच नाही. म्हणून उरलेल्या पेशी फ्लोवर मोजा. त्या कशाच्या आधाराने तगल्या, तेही बघा: व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ हे पेशीला जगवणारं प्रथिन अडवतं, तेव्हा पेशी एमसीएल-१ या तशाच दुसऱ्या प्रथिनावर तगू शकतात. ब्लिनाटुमोमॅब (पेशीवरची सीडी१९ ही खूण धरणारं औषध) दिलं असेल तर फक्त सीडी१९ वर गेट लावू नका, म्हणजे तेवढ्याच खुणेवरून पेशी निवडू नका. सीडी१९ गमावलेल्या पेशी नजरेतून सुटतील.

उलटंही खरं. स्कोअर साधा आला म्हणून जोडी फेकू नका. १९६०च्या दशकात मुलांच्या ल्युकेमियात व्हॅम्प या उपचारातली चार औषधं एकत्र दिली, ती प्रत्येक औषध एकेकटं चालत होतं आणि त्यांचे दुष्परिणाम वेगवेगळे होते म्हणून. त्यामुळे जोडी निरोगी पेशींना किती मारते ते दिसायला निरोगी सीडी३४ पेशींची (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींची) प्लेट शेजारी हवीच. ती नसलेला निकाल मी तरी निकाल मानत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आकडे ओतून रंगीत नकाशा काढायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. नकाशाआधी कच्चे आकडे आणि औषध न घातलेल्या वेल (प्लेटमधले खळगे) मागणारा गाइड मिळाला, तर त्याला सोडू नका, कितीही खडूस असला तरी.

सुरुवातीला प्लेट वाया जातील. खचू नका, तुमचा हात वाईट नाही. रुग्णाच्या पेशी साध्या माध्यमात औषधाशिवायही मरतात. त्यांना स्ट्रोमाचा (अस्थिमज्जेतल्या आधारपेशींचा) आधार द्या. गोठवलेल्या पेशींची व्हायल (छोटी कुपी) ३७ अंशांवर बर्फाचा शेवटचा कण उरेपर्यंतच धरा, मग माध्यम थेंबाथेंबाने घाला. गुठळ्या झाल्या तर डीएनेज (डीएनए कापणारं एन्झाइम) वापरा. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, तिथे नमुना ठेवूच नका.