घरी बांधलेल्या होडीला शीड चढवताना या चुका टाळा

प्लायवुडची होडी घरी बांधणारा माणूस सांध्यांवर जीव टाकतो. इपॉक्सी, फायबरची पट्टी, सँडिंग, रंगाचे हात यात महिनेच्या महिने जातात, एखाद्या जोडाला केसभर फट राहिली तर त्याला झोप लागत नाही. आणि शीड? ते किनाऱ्यावर गेल्यावर "बघू बांधून". १९६३ साली इंग्लंडात मिरर नावाची होडी आली. प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि मग चिकटवायचे. त्या पद्धतीमुळे होडीचा सांगाडा कुठल्याही चिकाटीच्या माणसाच्या आवाक्यात आला. दोरांच्या बाबतीत अशी काही सोय कोणी काढलेली नाही.

इथे मी बॅलन्स लग प्रकारच्या शिडाबद्दलच लिहितोय. पहिल्या होडीला बरेच जण तेच लावतात, आणि तेच लावावं. एक आखूड डोलकाठी, तिला बाजूने धरून ठेवणारे आधाराचे दोर नाहीत. शीड चौकोनी, वरच्या कडेला यार्ड नावाची काठी, खालच्या कडेला बूम नावाची, आणि शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे. वर चढवायला हॅलियार्ड, खाली ताणायला डाऊनहॉल, आणि शीड आत-बाहेर करायला हातात मेनशीट. दोर तीनच, त्यामुळे सोपं वाटतं.

डाऊनहॉल नुसता "बांधणं"

ही माझी सर्वांत नावडती चूक. लोक शीड वर ओढतात, हॅलियार्ड क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीवर, अडकवतात आणि बूमच्या पुढच्या भागातून खाली जाणारा डाऊनहॉल एक गाठ मारून सोडून देतात. बूम उडून जाऊ नये एवढंच त्याचं काम, अशी समजूत. खरं तर शिडाचा सगळा आकार या एका दोरावर आहे. तो ताणला की शिडाची पुढची कड ताठ होते, ती यार्डचं पुढचं टोक खाली खेचते, आणि यार्ड हॅलियार्डच्या जागेवर फिरून मागचं टोक वर उचलते. ताण नसेल तर वारा वाढताच बूम वर उठते आणि शीड पिळवटतं.

एका तरुण इंजिनियरने सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरेख होडी बांधली होती. वार्निश असं की तोंड पाहावं. रेवदंड्याच्या खाडीत ती पहिल्यांदा उतरवली तेव्हा मी काठावर होतो. सकाळी मतलई वारा मंद होता. मी म्हटलं, डाऊनहॉलला दोन पुल्या लाव, हाताने नुसता ओढून पुरणार नाही. तो म्हणाला, "काका, चालतंय की मस्त." चालतच होतं. मंद वाऱ्यात धोतर बांधलं तरी होडी चालते.

दुपारी समुद्रावरून वारा सुटला. हा गडी कोर्लईच्या बाजूने परत खाडीत शिरत होता, म्हणजे वारा सरळ पाठीमागून. बूम वर उचलली गेली, शिडाचा वरचा भाग फिरून डोलकाठीच्याही पुढे गेला आणि होडीला वाऱ्याच्या बाजूला ढकलू लागला. होडी उजवीकडे कलली, मग डावीकडे, मग आणखी जोरात उजवीकडे. तो सुकाणू ओढतोय, मेनशीट ढिली करतोय. पाठीमागून वारा असताना शीट ढिली केली की हे डोलणं वाढतं, कमी होत नाही, पण हे त्याला कोण सांगणार? तिसऱ्या की चौथ्या हेलकाव्याला होडी पालथी. डोलकाठी बुडाशी बांधलेली नव्हती, ती निसटून दोरांसकट वेगळीच तरंगू लागली. कोळ्यांच्या होडीने त्याला साळावच्या पुलाच्या अलीकडे उचललं. वर काढताना त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "हे शीड हाय का वाळत घातलेलं धुणं?"

उपाय असा. आधी हॅलियार्ड पूर्ण वर आणि पक्का. त्यानंतरच डाऊनहॉल, आणि तो चारपट ओढ देणाऱ्या पुल्यांच्या जोडणीवर. मी पुढच्या कडेला एक उभी घडी दिसेपर्यंत ताणतो. वारा भरला की ती घडी जाते. नाही गेली तर थोडा सोडतो. पाण्यात पाच-दहा मिनिटं झाली की परत एकदा ताणतो, कारण नव्या दोरांच्या गाठी बसतात.

सुरकुत्या वाचायला शिका. यार्डच्या पुढच्या टोकापासून बूमच्या मागच्या टोकाकडे तिरकी सुरकुती असेल तर यार्डचं मागचं टोक पडलंय: डाऊनहॉल आणखी ताणा. तरीही राहिली तर हॅलियार्ड यार्डवर जिथे बांधलाय ती गाठ थोडी मागे सरकवा. सुरुवातीला ती यार्डच्या पुढच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर ठेवतात. उलट, वरच्या मागच्या टोकापासून खालच्या पुढच्या कोपऱ्याकडे सुरकुती असेल तर ताण जास्त झालाय. लोक नकाशातलं माप पाहून गाठ मारतात आणि नंतर शिडाकडे बघतच नाहीत.

हार्डवेअरच्या दुकानातला दोर

हॅलियार्डला नायलॉन लावू नका. नायलॉन ताणतो, ओला झाला की आणखी ताणतो. नांगराला तो उत्तम, कारण तिथे झटका सोसायचा असतो. हॅलियार्ड असा लांबत गेला म्हणजे तुम्ही खाली कितीही ओढा, वरून यार्ड हळूहळू घसरत येणार आणि डाऊनहॉल आपोआप ढिला होणार. वरच्या त्या इंजिनियरचा हॅलियार्डही नायलॉनचाच निघाला. निळा-पिवळा स्वस्त प्लॅस्टिकचा दोर तर उन्हात काही महिन्यांत कुसळं सोडतो आणि हाताला टोचतो. आधीच ताणून घेतलेला (प्री-स्ट्रेच्ड), विणीचा पॉलिस्टर दोर घ्या, जाडी हातात धरता येईल अशी. पैसे वाचवायचेच असतील तर रंगात वाचवा.

बाकीच्या, थोडक्यात

शीड यार्डला गुंडाळत नेलेल्या एकाच दोराने बांधू नका. कुठेतरी तुटला की सगळं सुटतं. मी प्रत्येक छिद्राला वेगळा तुकडा बांधतो, वेळ लागतो, लागू दे.

डोलकाठी बुडाशी बांधा. होडी उलटली तर ती खोबणीतून निघते, वर पाहिलंच.

शीड चढवताना होडीचं नाक वाऱ्याकडे आणि मेनशीट पूर्ण मोकळी. आडव्या वाऱ्यात चढवणाऱ्याच्या डोक्यात बूम बसते.

मेनशीट क्लीटला बांधून हात मोकळे करून डबा खाणाऱ्यांशी माझं काही बोलणं नाही.

खाऱ्या पाण्यात ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या शॅकलवर (दोर-पुल्या जोडायच्या कडीवर) खड्डे पडतात. ३१६ घ्या, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

शीड कमी करायचे दोर किनाऱ्यावरच ओवून ठेवा. वारा वाढल्यावर बूमवर ओणवं होऊन ओवण्याएवढी जागा आणि धीर दोन्ही नसतात.

ॲल्युमिनियमची डोलकाठी उभी करून ट्रॉली ढकलण्याआधी वर बघा. किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर विजेच्या तारा खाली लोंबकळतात.

आणि शिडासाठी वाढदिवसाचा फ्लेक्स आणू नका. फुकट मिळतो, मान्य आहे. पण पीव्हीसीचा फ्लेक्स जड असतो, घडीवर चिरतो, आणि त्याला पोट देता येत नाही. एकदा मी एका नगरसेवकाचं अर्धं हसू पाण्यावर फडफडताना पाहिलं आहे. कमी खर्चात करायचं तर चांगल्या प्रतीची ताडपत्री घ्या, वरची आणि पुढची कड सरळ न कापता जरा बाहेर फुगवून कापा, कडांना दुहेरी घडी घालून पट्टी शिवा, आणि चारही कोपऱ्यांना तीन-चार थर. पहिली चढाई पाण्यात नको. गच्चीवर किंवा मैदानात, मंद वाऱ्यात, डोलकाठी कशालातरी घट्ट बांधून शीड उभं करा आणि सुरकुत्या तिथेच काढा.